बाबांच्या मागच्या बाकावरून

मी, टेसी पासमोर, दिवंगत डॉक्टर कॅलेब पासमोर यांची मुलगी, अविवाहित, मूळची चेस्टर परगण्यातली, सध्या फिलाडेल्फिया शहरात मिसेस केटरर यांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या उत्तरेकडील खोलीत राहणारी, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. असे कागद शपथेने सुरू होतात. लोक ज्याला क्वेकर पंथ म्हणतात त्या आमच्या मित्रसमाजात शपथ घेत नाहीत. शपथेवर खरे बोलायचे, तर एरवीच्या बोलण्याला काय म्हणायचे, असा प्रश्न उरतो. म्हणून एवढेच लिहिते, की पुढे जे आहे ते सगळे खरे आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण ती या कामाला लागत नाहीत. ‘माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही’ हे वाक्य मी लिहिले, खोडले आणि पुन्हा विचार केला. दबाव आणला गेला आहे. मी तो मानलेला नाही. ते योग्य जागी येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तशी वेळ येईल असे माझे वय नव्हते.

कलम पहिले. या पत्राची अंमलबजावणी डॉक्टर प्रुडन्स वेल्ड यांनी करावी. त्या मला तपासतात आणि माझ्याशी खोटे बोलत नाहीत. त्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात, याचा संबंध सातव्या कलमाशी आहे.

कलम दुसरे. खोलीतील पलंगपोस, लोकरी पांघरूण, आरसा आणि किटली मिसेस केटरर यांना द्यावी. टर्पेंटाइनच्या वासाने त्यांचे पडदे खराब झाले अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. त्यांनी तरीही मला खोली सोडायला सांगितले नाही. काल मी कागद मागितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढीशी पोर, आणि मृत्युपत्र लिहिते! आधी हे सूप संपव. उपाशी पोटी वाटण्या करू नयेत, सगळं चुकीच्या माणसाला जातं.” सूप अर्धे संपवले आहे. वाटण्या काळजीपूर्वक केल्या आहेत.

कलम तिसरे. माझी कॅनव्हास टेकवायची घोडी, ब्रश, रंगांची पेटी आणि हाडांची लाकडी पेटी कला-शाळेतील बायकांच्या वर्गाला द्यावी. कोणा एकीला नको. एकीला दिले तर दुसरी बोलेनाशी होईल.

हाडांच्या पेटीविषयी थोडे लिहायला हवे. तीत माणसाच्या उजव्या हाताची सगळी हाडे आहेत. माझी पहिली शाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातले टेबल. आई मी लहान असतानाच गेली. बाबा रोगी पाहून आले की पीठ मळलेल्या त्या टेबलावर ही हाडे मांडत आणि मला व माझा भाऊ एनॉक याला नावे विचारत. एनॉकला नावे पाठ होत. मला होत नसत. मी ती पाटीवर काढत असे. आमच्या घरात भिंतीवर चित्र नव्हते. जुन्या वळणाच्या आमच्या मंडळींत माणसाची प्रतिमा हा गर्व समजतात. मी बाबांना विचारले होते, “मी हाड काढलं तर चालतं का? आपल्यात चित्र चालत नाही.” आमच्यात लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलावतात, बापालाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे. बाबांनी विचार केला. ते नेहमीच आधी विचार करत आणि तोवर समोरच्याला थांबावे लागे. मग म्हणाले, “हाडाला गर्व नसतो. काढ.”

त्याच परवानगीवर मी शहरात आले. बायकांच्या वर्गाला उघडा मनुष्यदेह दाखवावा की नाही यावर विश्वस्तांचा बराच काळ वाद चालला होता. मधल्या काळात त्यांनी आमच्यापुढे एक गाय आणून बांधली. आम्ही ओळीने बसून गाय काढली. बायकांनी माणसाकडे टप्प्याटप्प्याने यावे असा त्यात हेतू असावा. गाय फार चांगली उभी राहिली. ज्या बाई पाहुण्या येऊन म्हणाल्या, “निदान गाईला लाज नसते,” त्यांचे नाव मला ठाऊक आहे. ते लिहीत नाही. त्यांना काहीही देऊ नये.

कलम चौथे. बचत बँकेत माझे जे काही असेल ते, माझा हिवाळी कोट, आणि कलम पाचमध्ये सांगितलेले चित्र, हे सर्व डेलिया कॉनरॉय हिला द्यावे. ती पाइन स्ट्रीटमागच्या गल्लीत शर्टांच्या कॉलरना खळ आणि इस्त्री करते.

डेलिया माझी कोण, हे लिहायला मला शब्द शोधावा लागला. ती आमच्या वर्गात उघडी बसत असे. अशा बायका तोंडावर काळ्या कापडाचा मुखवटा बांधून बसत, रस्त्यात कोणी ओळखू नये म्हणून. मी दोन हिवाळे तिचे खांदे, गुडघे, पोटावरची घडी, टाचा काढल्या आणि तिचा चेहरा कधी पाहिला नाही. मग एकदा बाजारात खेकड्यांच्या टोपल्यांपाशी एक बाई सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी होती. मी तिला ओळखले. ओळख दाखवायची नाही हे मला माहीत होते. मी मान वळवली. तिनेच हाक मारली.

“अगं ए, टाचा बघून झाल्या का माझ्या?”

“माफ कर. मी कुणाला सांगणार नाही.”

“सांगशील कुणाला? तुला बोलताना कधी कुणी ऐकलंय? मुखवट्याला डोळ्यांची भोकं असतात, पोरी. तू ती कोपऱ्यातली, काढण्यापेक्षा खोडणारी.”

या शहरात मला पाहून कोणी मला ओळखले, अशी ती पहिली वेळ. तिचे नाव या कागदात आले तर तिच्या चर्चमध्ये बोभाटा होईल, म्हणून मी तिला विचारले. ती म्हणाली, “लिही. ठळक लिही. तू तरी मला चेहरा दे.” म्हणून लिहिले आहे. हल्ली संध्याकाळी येऊन माझ्या पाठीला कापराचे तेल चोळते तीही हीच.

कलम पाचवे. आता चित्र. मोठा कॅनव्हास, एक म्हातारा माणूस, कमरेपर्यंत उघडा, दारातल्या उजेडात बसलेला, पाठमोरा. मागे काही लिहिलेले नाही. ती माझ्या बाबांची पाठ आहे.

मी सुट्टीत घरी गेले असता त्यांना विचारले होते. “चेहरा नको,” ते म्हणाले. “पण पाठ म्हणजे काही प्रतिमा नव्हे. पाठ सगळ्यांचीच सारखी. तुला शिकायला उपयोग होणार असेल तर बसतो.” मलाही तसेच वाटले. आमची दोघांची ही समजूत प्रामाणिक होती. ते कोठारात दुधाच्या तिवईवर बसले, शर्ट खाली सोडून, विजारीचे पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत. मान तपकिरी आणि कॉलरखाली एकदम दुधासारखे पांढरे अंग. मी नकळत आमच्या सभागृहातल्या बाकांच्या अंतरावर बसले होते.

“बाबा, तुझा डावा खांदा खाली आहे.”

“औषधांची पेटी डाव्या हातात असते.”

“उजव्यात का नाही?”

“उजवा दार वाजवायला लागतो.”

“थंडी वाजते का?”

“वाजते. काढ.”

आमच्यात प्रार्थनेची सभा शांततेतच होते, त्यामुळे त्यांना बसायला शिकवावे लागले नाही. कला-शाळेतले आमचे मास्तर नेहमी म्हणत, “सुंदर काढू नकोस. बसलेला माणूस काढ.” ते मला तेव्हा पहिल्यांदा जमले, आणि पुढे कधी जमले नाही.

कला-शाळेने चित्र वार्षिक प्रदर्शनात लावले. नाव दिले ‘अभ्यास’. आमच्या गावच्या सभेतले ज्येष्ठ अब्नर येर्नल त्या आठवड्यात सभेच्या कामासाठी शहरात आले होते. ते चित्रे पाहणाऱ्यांतले नव्हेत. पाय दुखले म्हणून दालनातल्या बाकावर टेकले आणि त्यांनी मान वर केली. समोर कॅलेब पासमोर बसले होते. आमच्या सभागृहात माणसे एकामागे एक बाकांवर बसतात आणि तासन्‌तास कोणी बोलत नाही. अब्नर जन्मभर बाबांच्या मागे बसले होते. चेहऱ्याला आम्ही एवढे भ्यालो, आणि आमची माणसे एकमेकांना ओळखतात ती पाठीवरून, हे बाबांच्या लक्षात आले नव्हते, ना माझ्या.

अब्नर आमच्या घरी आले तेव्हा मी सुट्टीत आलेली, चुलीपाशी होते. ऐकलेले जसेच्या तसे लिहिते.

“मित्र कॅलेब, शहरात तुझी पाठ टांगली आहे.”

“टांगली असेल. एक माझ्याजवळही आहे.”

“चेष्टा नको. लोक तिकीट काढून बघतात.”

“तू काढलंस?”

“माझे पाय दुखत होते.”

“कशी आहे?”

अब्नरांनी डोक्यावरची टोपी कपाळावर ओढली. मग म्हणाले, “तूच आहेस.”

त्यांना बाबांकडून स्वतःच्या वागण्याचा लेखी निषेध हवा होता, की प्रतिमा करू दिली हे चुकले. बाबांनी विचारले, “चित्रात काही खोटं आहे का?” अब्नर म्हणाले, नाही. “मग निषेध कशाचा लिहू?” प्रकरण तिथेच राहिले. त्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांनी खरे ते सांगितले.

पण पुढच्या सभेला बाबा आपल्या नेहमीच्या बाकावर बसले नाहीत. ते सर्वांत मागे, भिंतीला लागून असलेल्या बाकावर गेले. मी विचारले, तर म्हणाले, “मी पुढे बसलो की मागच्यांना चित्र दिसतं. शांत बसायला आलेल्या माणसाला ते बरं नव्हे.” त्यानंतर मरेपर्यंत ते तिथेच बसले. मागच्या हिवाळ्यात एका बाळंतिणीकडून परतताना भिजले आणि त्यातच गेले.

एनॉक लहानपणापासून बाबांच्या बरोबर मागच्या बाकावर बसत असे. मुलगे पुरुषांकडे, मुली बायकांकडे. मला बाबा मधल्या वाटेपलीकडून तिरके दिसत. एनॉक पोर असताना पुढच्या बाकाच्या कडेवर कपाळ टेकून झोपत असे, बाबांच्या कोटाला नाक लावून. बाबा मागे गेल्यावर त्याच्यासमोर रिकामा बाक राहिला. दफनाच्या दिवशी तो मला एवढेच बोलला, “तुझ्यामुळे बाबा भिंतीला पाठ लावून गेले.” तसे असेलही, आणि तरी मी ते चित्र पुन्हा काढीन.

मी आजारी असल्याचे कळल्यावर तो इथे आला. उभाच राहिला. टोपी काढली नाही, आमच्यात काढत नाहीत.

“मी दफनभूमीच्या समितीवर आहे,” तो म्हणाला. “तू शहरात येऊन सभा सोडलीस. तुला तिथे जागा देता येत नाही. पण मी शब्द टाकला तर बाबांच्या शेजारी मिळेल.”

“टाकशील?”

“ते चित्र दे.”

“चित्राचं काय करशील, एनॉक?”

तो खोटे बोलू शकला असता. म्हणाला, “घरात चूल आहे.”

तो खोटे बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने इथे नोंदवून ठेवते.

मला त्याला हो म्हणायचे होते. मला या खोलीत एकटे राहायची सवय झाली आहे, पण जमिनीत कायमचे अनोळखी माणसांमध्ये राहायची कल्पना मला सहन होत नाही. बाबांच्या शेजारची ती जागा मी पाहिली आहे. तिथे गवत दुपारपर्यंत ओले असते, कारण भिंतीमुळे उजेड उशिरा येतो. मी एनॉकला म्हटले, विचार करून कळवते. आणि बाबांसारखाच फार वेळ विचार केला. पण त्यांच्यासारखी शांत राहिले नाही. डेलियाला विचारले तर ती म्हणाली, “चित्र देऊन टाक आणि बापाजवळ झोप. मला भिंतीवर म्हातारा कशाला?” मग स्वतःच रडू लागली आणि म्हणाली, “नको देऊस.”

माझा निर्णय असा. बाबांच्या थडग्यावर गुडघ्याएवढा दगड आहे आणि त्यावर नाव आहे. नाव वाचून कोणाला बाबा दिसत नाहीत. ते जगात आता एकाच ठिकाणी दिसतात. शेजारी झोपण्यासाठी मी त्यांना जाळू देणार नाही. चित्र डेलियाला द्यावे. ते विकू नये, त्यावर वार्निश चढवू नये, आणि ‘अभ्यास’ हे नाव काढून टाकावे. एनॉकने देऊ केलेली दफनभूमीतली जागा त्याला परत करावी.

कलम सहावे. खिडकीखालच्या काळ्या कापडी बासनात कोळशाने काढलेले काही चेहरे आहेत. ते सगळे जाळावेत. बाबा गेल्यावर मी त्यांचा चेहरा काढायचा प्रयत्न केला. मनाई करणारे कोणी उरले नव्हते. दर वेळी कोणातरी म्हाताऱ्या डॉक्टरचा चेहरा आला, दयाळू, दाढीवाला, कोणाचाही. डेलियाने एकदा विचारले, “डोळे कुठल्या रंगाचे होते गं?” मला सांगता आले नाही. इतक्या अनोळखी माणसांचे डोळे मी नीट पाहिले, आणि त्यांचे पाहिले नाहीत. ती चित्रे वाईट आहेत म्हणून नव्हे, खोटी आहेत म्हणून जाळावीत. डॉक्टर वेल्ड यांनी स्वतः पाहून खात्री करावी.

कलम सातवे. माझा देह. दफनभूमीत जागा नाही, म्हणून तो स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. ही माझी इच्छा आहे, राग नाही. बाबा सांगत, की ज्या मृत माणसावर ते हाडे-स्नायू शिकले त्याचे नाव त्यांना कळले नाही आणि आभार राहून गेले. ते ऋण मी फेडते. मी स्वतःही मास्तरांबरोबर प्रेते चिरायच्या थंड खोलीत उभी राहून शिकले आहे. तिथे तोंडावर फडके टाकतात. टाकावे, मला चालेल. परवा तेल चोळताना डेलिया म्हणाली, “तुझाही डावा खांदा खाली आहे की.” मी म्हटले, रंगांची पेटी डाव्या हातात असते. तेव्हा शिकणाऱ्या मुलींपैकी कोणी चित्र काढणारी असेल, तर तिने पाठ आधी पाहावी. ती बाबांवर गेलेली आहे.

कलम आठवे. माझा भाऊ एनॉक पासमोर याला बाबांची गादीची खुर्ची आणि घराच्या जमिनीतला माझा हिस्सा मिळावा. याशिवाय त्याला एक हक्क देते, आणि तो डेलियाच्या मालकीला कायम जोडलेला राहील.

माझ्या खोलीत एक साधा लांब बाक आहे. डेलियाने चित्र बसलेल्या माणसाच्या उंचीला टांगावे आणि हा बाक त्यासमोर ठेवावा. फार जवळ नको, फार लांब नको. सभागृहात एक बाक दुसऱ्याच्या मागे जेवढा असतो, तेवढा. डेलियाने सभागृह पाहिलेले नाही, म्हणून मी जमिनीवर खडूने खूण करून तिला दाखवले आहे. एनॉक कधी आला, तर त्याला आत घ्यावे.

हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “आत घेऊ? चूल दाखवणारा तो? दारातच गरम इस्त्री फेकून मारीन.”

“मारू नकोस. बाक दाखव.”

“आणि त्याने खिशातून सुरी काढली तर?”

“तो टोपीसुद्धा काढत नाही. बाक दाखव आणि बोलू नकोस.”

“किती वेळ बोलू नको?”

“तो उठेपर्यंत.”

“देवा! अख्ख्या जन्मात एवढं गप्प बसले नाही मी,” ती म्हणाली, आणि मग आठवून, “हां, तुमच्या वर्गात बसले होते.”

तर, तो बसला असताना त्याला काही विचारू नये, चहा आणू नये, माझ्याविषयी सांगू नये. कपाळ टेकायला समोर बाकाची कड नसेल, याला माझा इलाज नाही. तो उठू लागला, की डेलियाने त्याचा हात हातात घेऊन एकदा हलवावा आणि सोडावा. आमच्यात सभा अशीच संपते. शेजारी बसलेल्याने हात पुढे करायचा असतो. तिथे मी नसेन.

इतके लिहून हे पत्र पूर्ण करते. खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी आद्याक्षरे आहेत.

टेसी पासमोर

आम्ही खाली सही करणारे, टेसी पासमोर हिने हे पत्र आमच्यासमोर, शुद्धीत, खिडकीपाशी बसून वाचून त्यावर सही केली, असे सांगतो. आम्ही दोघांनीही एकाच वेळी, तिच्या नजरेसमोर सही केली आहे. ज्याला यातले जास्त मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे तिचे म्हणणे पडले, म्हणून डेलिया कॉनरॉय तोवर जिन्यात उभी होती.

ऑटिली केटरर, घरमालकीण. (किटली आणि पांघरूण मला मिळणार आहे, हे मी सांगून ठेवले. ती म्हणाली, तेवढे चालते.)

सायलस ब्रूम, चौकटी करणारा, तळमजला.

फिलाडेल्फिया. आमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे, चौथा महिना, अकरावा दिवस, सन १८८७.